घरच्या नोंदींचा डेटाबेस महाग नसतो

घरगुती नोंदींसाठी डेटाबेस सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. ते कायदेशीरपणे फुकट मिळते आणि पैसे मोजून घेतलेल्या बऱ्याच पर्यायांपेक्षा जास्त टिकते. तरीही एखाद्या कुटुंबाने संगणकावर नोंदी ठेवायचे मनावर घेतले की सल्ले ठरलेले असतात. वही काय वाईट आहे? एक्सेलमध्ये सगळे होते. डेटाबेस हे बँका-कंपन्यांचे काम, त्याला खर्च फार. फुकटातले असते ते कच्चे असते. त्यापेक्षा मोबाइलवर एखादे ॲप घ्या आणि महिन्याला थोडे पैसे भरत जा. यांतल्या प्रत्येक सल्ल्यात थोडे तथ्य आहे, म्हणून तो पटकन पटतो. घरच्या नोंदींना मात्र तो लागू पडत नाही, आणि तो मानल्याचा भुर्दंड सल्ला देणाऱ्याला नव्हे, घराला बसतो.

‘साधे घरगुती काम’ म्हणजे नेमके काय, इथूनच या वादाची सुरुवात होते. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, सप्तशृंग गडाच्या वाटेवर वणी आहे. आजूबाजूला द्राक्ष, टोमॅटो आणि कांदा. इथल्या एखाद्या मध्यम द्राक्ष बागाईतदाराच्या घरातल्या नोंदी बघाव्यात. दोन-तीन प्लॉट, प्रत्येकाचे क्षेत्र, वाण आणि लागवडीचे वर्ष. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि तिथून पुढे डाउनी-भुरी या रोगांच्या धास्तीने चाललेल्या फवारण्या. डिपिंग, विरळणी. पेठ-सुरगाण्याकडून कामाला येणाऱ्या टोळ्या, त्यांची हजेरी, मुकादमाला दिलेली उचल. कृषी सेवा केंद्रातली उधारी. शेवटी व्यापाऱ्याने नेलेला माल, वजन, ठरलेला भाव, हातात पडलेले पैसे आणि राहिलेले पैसे. काम घरगुती आहे यात शंका नाही, पण ते साधे मुळीच नाही. यातली प्रत्येक नोंद दुसऱ्या कोणत्या तरी नोंदीला बांधलेली आहे.

निर्यातीच्या द्राक्षात तर नोंद हाच मालाचा भाग असतो. 2003 मध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याने युरोपात प्रश्न उभा राहिला. त्यानंतर 2006 मध्ये शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही इंटरनेटवरची व्यवस्था आणली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अंश-तपासणी अहवाल आणि परदेशी जाणारी खेप हे सगळे तिने एका साखळीत ओवले. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाच्या, म्हणजे बागाईतदारांच्या बोलण्यातल्या ‘सीसीसी’च्या अंशावरून पुन्हा कंटेनर अडकले आणि कोणत्या प्लॉटवर काय कधी मारले या प्रश्नाचे महत्त्व घराघरांत पोचले. ग्रेपनेट हा स्वतः डेटाबेसच आहे. सरकारी बाजूला डेटाबेस आणि बागेच्या बाजूला फाटकी डायरी, अशी विषम स्थिती बागाईतदाराने का सोसावी, याचे उत्तर ‘वही पुरते’ म्हणणाऱ्यांनी दिलेले नाही.

वहीच्या बाजूने बोलणारे परंपरेचा दाखला देतात. पण परंपरा नेमकी उलटे सांगते. मराठी हिशेबाची जुनी रीत एका वहीची कधीच नव्हती. रोजकीर्दीत दिवसाची नोंद व्हायची, ती खतावणीत त्या-त्या माणसाच्या खात्यावर जायची आणि दोन्हीकडे एकमेकींचे पान लिहिलेले असायचे. तलाठ्याचे दप्तर तर याहून पक्के. गाव नमुने 1 ते 21 असे वेगवेगळे ठेवलेले. सातबारा म्हणजे नमुना 7 आणि नमुना 12 एकत्र: सातात जमीन कोणाची, बारात पीक कोणते. त्यावरचा खाते क्रमांक नमुना 8अ कडे नेतो, जिथे त्या खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी एका जागी दिसतात. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक नमुना 6 कडे नेतो, जिथे मालकी का आणि कशी बदलली ते लिहिलेले असते. एकेका विषयाची एकेक नोंदवही आणि त्या जोडणारे क्रमांक. आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल डेटाबेसचा सिद्धान्त मांडला, त्याचे सूत्रही हेच: तक्ते वेगळे ठेवा आणि क्रमांकाने जोडा. सातबारा वाचता येणाऱ्या शेतकऱ्याला डेटाबेस समजणार नाही असे म्हणणे हा त्या शेतकऱ्यावर अन्याय आहे.

वहीची खरी अडचण शोधण्याची आहे. गेल्या तीन हंगामांत एका प्लॉटवर एकच औषध किती वेळा मारले गेले, हे वहीतून काढायचे तर तिन्ही वह्या चाळाव्या लागतात. उत्तर मिळेपर्यंत फवारणीची वेळ टळून गेलेली असते. वही हद्दपार करावी असा याचा अर्थ नाही. बागेत, ओल्या हातांनी, कच्ची नोंद वहीतच व्हावी. संध्याकाळी ती पक्क्या जागी चढवावी, एवढेच.

ही पक्की जागा म्हणून एक्सेल सुचवले जाते आणि हा सल्ला सगळ्यांत घातक आहे, कारण तो अर्धा बरोबर आहे. एकच एक यादी असेल, जसे लग्नातला आहेर किंवा घरातल्या पुस्तकांची नावे, तर स्प्रेडशीट उत्तम. तिथे डेटाबेसचा हट्ट धरू नये. पण एकच नाव दुसऱ्या ठिकाणी पुन्हा लिहावे लागले की स्प्रेडशीटची हद्द संपते. मजुराचे नाव हजेरीत एका पद्धतीने, उचलीत दुसऱ्या पद्धतीने आणि हिशेबात तिसऱ्या पद्धतीने लिहिले गेले की बेरीज चुकते आणि ती चुकली आहे हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. हिशेब पुसट झाला की नुकसान बहुधा दुबळ्या बाजूचे होते. सुरगाण्याहून आलेल्या टोळीचा हंगामाअखेरचा हिशेब अशा तक्त्यावर सोडणे योग्य नाही.

स्प्रेडशीट लिहिलेले बदलते, ही तक्रार याहून गंभीर आहे. औषधाचे प्रमाण म्हणून ‘1-2’ लिहावे, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते. बारा अंकी आधार क्रमांक साध्या चौकटीत टाकला तर तो दशांश आणि ‘ई’ अक्षराच्या शास्त्रीय रूपात दिसू लागतो. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक जपते. त्यामुळे सोळा अंकी बँक खाते क्रमांकाचा शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो आणि मजुरी भलत्याच खात्याकडे निघते. चौकटीचा प्रकार आधी ‘टेक्स्ट’ ठेवला तर हे टळते, असे उत्तर दिले जाते. उत्तर खरे आहे, पण जगातल्या निष्णात माणसांनाही ते नेहमी पाळता आलेले नाही. जनुकांची नावे एक्सेलमध्ये तारखा होऊन बसत, म्हणून 2020 मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने कोविडचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमधून पुढे नेले. त्या प्रकारात 65,536 ओळीच मावतात. सुमारे 16 हजार रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना सावध करायला उशीर झाला. जिथे तज्ज्ञ फसतात तिथे घरच्या माणसाने दर वेळी दक्ष राहावे, ही अपेक्षा रास्त नाही. साधनानेच चूक अडवली पाहिजे. ‘या चौकटीत तारीखच येईल’, ‘या चौकटीत प्लॉटच्या यादीतलेच नाव येईल’ असा नियम एकदा घालून देणे हेच डेटाबेसचे काम.

आता खर्च. डेटाबेस महाग ही समजूत आली कुठून, ते मागे पाहिले की कळते. 1980 च्या दशकात डीबेस आणि 1990 च्या दशकात फॉक्सप्रो महाराष्ट्रातल्या संगणक क्लासांत शिकवले जात. गावोगावच्या पतसंस्था आणि दुकाने त्यांवर बांधलेल्या प्रोग्रॅमवर चालत. ही विकत घ्यायची साधने होती, आणि मोठ्या कंपन्यांची ओरॅकलसारखी साधने त्याहून महाग. 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्सेस आणले. घरी डेटाबेस करायचा तर ॲक्सेस, असे समीकरण तेव्हा बसले ते अजून सुटलेले नाही. ॲक्सेस वाईट साधन नाही. त्यातले फॉर्म आणि रिपोर्ट चांगले बनतात. पण ते विंडोजवरच चालते, त्याची फाइल दोन जीबीच्या पुढे वाढत नाही आणि मायक्रोसॉफ्ट 365 मधून घेतले तर दर वर्षी पैसे भरावे लागतात. द्राक्षवेल पंधरा वर्षे उभी राहते. तिच्या नोंदी वाचण्यासाठी पंधरा वर्षे भाडे भरायचे, हा व्यवहार घरगुती कामाला परवडणारा नाही.

इथे एक वाट सर्रास सुचवली जाते: संगणक असेंबल करून देणारा ऑफिस टाकूनच देतो, मग खर्च कसला? ही चोरीची प्रत असते. तिला सुधारणा नीट मिळत नाहीत, तिच्यासोबत व्हायरस येण्याची भीती असते आणि संगणक फॉर्मॅट झाला की ती पुन्हा मिळेलच याची खात्री नसते. फुकट आणि निर्दोष पर्याय हाताशी असताना चोरीचा पर्याय निवडायला गरिबीचे कारणही पुरत नाही.

तो पर्याय म्हणजे एसक्यूलाइट. रिचर्ड हिप या अमेरिकी प्रोग्रॅमरने 2000 मध्ये तो तयार केला. त्याचा जन्म एका अडचणीतून झाला. अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरचे काम ते करत होते. त्या सॉफ्टवेअरला माहिती पुरवणारा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर चाले आणि तो सर्व्हर बंद पडला की सगळेच अडून बसे. सर्व्हर नको, साध्या फाइलमधून वाचणारा डेटाबेस हवा, असे त्यांच्या मनाने घेतले. एसक्यूलाइटचा सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. ती पेनड्राइव्हवर घालता येते आणि दुसऱ्या संगणकावर तशीच उघडते. इंजिनाचा आकार एक एमबीपेक्षा कमी आहे, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा जुना संगणकही त्याला पुरून उरतो. त्यावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. कर्त्यांनी तो सार्वजनिक मालकीत सोडून दिला आहे.

‘फुकट ते कच्चे’ हा आक्षेप इथे टिकत नाही. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये एसक्यूलाइट असतो. व्हॉट्सॲप फोनमध्ये संदेश साठवते तेही त्याच्याच फाइलमध्ये. जो माणूस ‘मला डेटाबेस कशाला’ म्हणतो त्याच्या खिशात असे कितीतरी डेटाबेस चालू असतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दीर्घकाळ जपायच्या माहितीसाठी ज्या फाइल-प्रकारांची शिफारस केली आहे त्यांत एसक्यूलाइट आहे. 2050 पर्यंत तो सांभाळण्याचा संकल्प त्याच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. आणि ग्रामीण घराला सगळ्यांत जवळची गोष्ट विजेची. नोंद लिहिली जात असताना वीज गेली, तर ती नोंद एक तर पूर्ण झालेली असते किंवा झालेलीच नसते. अर्धवट लिहून फाइल बिघडू नये अशी व्यवस्था त्यात मुळापासून आहे. स्प्रेडशीटमध्ये सेव्ह न केलेले तासाभराचे काम अशा वेळी पाण्यात जाऊ शकते.

पैसे भरले की टिकाऊपणा मिळतो, हा समज तर इतिहासानेच मोडून काढला आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2004 मधली. मायक्रोसॉफ्टने तिचा आधार जानेवारी 2015 मध्ये काढून घेतला. घरगुती डेटाबेससाठीच बनवलेले बेंटो नावाचे देखणे सॉफ्टवेअर ॲपलच्या उपकंपनीने 2008 मध्ये 49 डॉलरला आणले आणि 2013 मध्ये बंद केले. गूगलचे फ्यूजन टेबल्स 2009 मध्ये आले, 2019 च्या डिसेंबरमध्ये बंद झाले. ज्यांनी त्यांत वर्षानुवर्षे नोंदी भरल्या त्यांना त्या दुसरीकडे हलवत बसावे लागले. फॉक्सप्रोच्या बाबतीत एक दिलाशाची गोष्ट घडली. त्याच्या डीबीएफ फाइलची रचना सर्वांना ठाऊक होती, म्हणून त्या फाइल आजही लिबरऑफिसमध्ये उघडतात. कंपनी गेली, प्रोग्रॅम गेला, पण नोंदी वाचल्या. सॉफ्टवेअर निवडताना विचारायचा प्रश्न यातून ठरतो: फाइल कोणाच्या ताब्यात राहणार आणि ती आणखी कोणत्या साधनाने उघडणार? मासिक भाड्याच्या ॲपला हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा समाधानकारक येत नाही. नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर असतात, फुकट योजनेला नोंदींची मर्यादा असते, आणि ती भरते नेमकी हंगामाच्या मध्यात. शिवाय मजुरांचे आधार आणि खाते क्रमांक तिऱ्हाइताच्या हवाली होतात ते वेगळेच. ते क्रमांक बागाईतदाराचे नसतात, त्याच्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात.

उरला शेवटचा आक्षेप: फुकट आहे, टिकाऊ आहे, पण ते वापरायला प्रोग्रॅमर लागतो. प्रत्यक्ष रचना पाहिली की याचा निकाल लागतो. फवारणीपुरते तीन तक्ते पुरतात. पहिला प्लॉटचा: क्रमांक, ‘विहिरीकडचा’ किंवा ‘रस्त्याचा’ असे घरात बोलले जाणारे नाव, क्षेत्र, वाण. दुसरा औषधांचा: क्रमांक, व्यापारी नाव, घटक आणि पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत तो काळ. हे दिवस मनाने लिहायचे नसतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींनुसार निर्यातीसाठी निघणाऱ्या यादीतून, म्हणजे बागाईतदारांच्या तोंडी असलेल्या ‘ॲनेक्शर 5’ मधून, ते घ्यायचे असतात. तिसरा तक्ता फवारणीचा: तारीख, प्लॉटचा क्रमांक, औषधाचा क्रमांक, प्रमाण, फवारणाऱ्याचे नाव. रोज भरायचा तो एवढा तिसराच.

यावर एक प्रश्न कायमचा लिहून ठेवता येतो. डेटाबेसच्या भाषेत त्याला ‘व्ह्यू’ म्हणतात. प्रत्येक फवारणीच्या तारखेत त्या औषधाचे दिवस मिळवा आणि प्रत्येक प्लॉटसाठी त्यातली सर्वांत उशिराची तारीख दाखवा. विहिरीकडच्या प्लॉटवर 12 जानेवारीला तीस दिवसांच्या पीएचआयचे औषध मारले असेल, तर त्या प्लॉटसमोर 11 फेब्रुवारी दिसते. 20 जानेवारीला दहा दिवसांचे दुसरे औषध मारले तरी ती तारीख 11 फेब्रुवारीच राहते, कारण आधीच्या औषधाचा काळ अजून संपलेला नसतो. शेवटच्या फवारणीवरून अंदाज बांधणारा माणूस नेमका इथे चुकतो: त्याला 30 जानेवारी हीच मोकळी तारीख वाटते. व्यापारी काढणीची तारीख मागतो तेव्हा उत्तर पडद्यावर तयार असते. नमुने तपासायला न्यायला माणूस येतो तेव्हा त्याच तक्त्याची प्रिंट हातात देता येते.

हजेरीचेही तसेच: मजुरांचा एक तक्ता, हजेरीचा दुसरा, उचलीचा तिसरा. यात एक पथ्य पाळायचे. मजुरीचा दर हजेरीच्या प्रत्येक ओळीत त्या दिवसाचा म्हणून लिहायचा. दर एकाच जागी ठेवून पुढे बदलला तर मागचा सगळा हिशेब नव्या दराने फिरतो. उक्ते काम असेल तर एकरी दराची वेगळी ओळ. वंशावळ ठेवणाऱ्या घरालाही हीच रीत चालते. व्यक्तींचा एक तक्ता, त्यात आई आणि वडील यांचे क्रमांक, आणि विवाहांचा दुसरा तक्ता. ज्या घरांची कुलदेवता सप्तशृंगी आहे आणि ज्यांच्या शाखा खानदेशापासून पुण्या-मुंबईपर्यंत पसरल्या आहेत, त्यांना पिढ्यांचे नाते एक्सेलच्या आडव्या-उभ्या चौकटीत बसवताना किती ओढाताण होते हे ज्याने केले त्यालाच कळते.

हे तक्ते बनवायला ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हे फुकट साधन आहे. त्यात तक्ता बटणांनी बनतो, कोड लिहावा लागत नाही. प्रश्न विचारायला एसक्यूएल ही भाषा लागते. घरच्या कामाला तिचे सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, जॉइन असे दहा-बारा शब्द पुरतात. ही भाषा 1970 च्या दशकात जन्मली, 1986 मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले आणि तिची मूळ वाक्ये आजही तीच आहेत. एखाद्या ॲपची बटणे दर वर्षी जागा बदलतात. एसक्यूएल एकदा शिकले की जन्मभर पुरते. घरात बारावीला संगणक विषय घेतलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर एका रविवारचे काम आहे.

यादीतून नाव निवडायची सोय असलेला फॉर्म हवा असेल तर ‘ग्रिस्ट’ पाहावे. ते दिसायला स्प्रेडशीटसारखे, पण आतून डेटाबेस आहे. त्याचा मूळ कोड खुला आहे, संगणकावर इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती मिळते आणि त्याची फाइल एसक्यूलाइटचीच असते. लिबरऑफिस बेसचे नाव या संदर्भात सर्वांत आधी घेतले जाते. त्याचे फॉर्म आणि रिपोर्ट चांगले आहेत, तेही फुकटच. पण त्याची स्वतःची अंगभूत साठवण भरवशाची म्हणता येत नाही. सगळा डेटा एका झिप फाइलमध्ये कोंबला जातो आणि प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर ती फाइल बिघडण्याचा धोका असतो. बेस वापरायचेच तर नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवून ओडीबीसी जोडणीने ते त्याला लावावे. जोडणी पहिल्यांदा करताना जरा डोकेफोड होते, पण एकदाच. मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि पोस्टग्रेस हीदेखील फुकट आणि उत्तम साधने आहेत, पण घरासाठी ती नकोत. त्यांना सतत चालणारा सर्व्हर, पासवर्ड आणि देखभाल लागते. एका घरातल्या एका संगणकासाठी हा व्याप उगाच आहे.

मराठीचा प्रश्न इथे टाळून चालणार नाही. बऱ्याच घरांत जुनी माहिती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली असते. ती खरी मराठी नसते. आत रोमन अक्षरे असतात, वरून फॉन्टचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तिचा कचरा होतो आणि शोध लागत नाही. नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात. एसक्यूलाइट देवनागरी पूर्ण स्वीकारतो, अगदी तक्त्याचे नाव ‘फवारणी’ आणि रकान्याचे नाव ‘तारीख’ ठेवले तरी चालते. दोन त्रुटी मात्र आहेत. त्याची मूळ क्रमवारी युनिकोडच्या आकड्यांनुसार असते, त्यामुळे ‘ळ’ वर्णमालेप्रमाणे ‘ह’च्या नंतर न येता ‘ल’च्या लगेच पुढे येतो. घरच्या यादीत याने फारसे बिघडत नाही. दुसरी त्रुटी जास्त फसवी. ‘ॲसिफेट’मधला पहिला वर्ण फोनच्या कळफलकावर एका संकेताने आणि संगणकावर दोन संकेतांनी लिहिला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. शोधले तर अर्ध्या नोंदी सापडत नाहीत. यावर उपाय पुन्हा तक्त्यांचाच: औषधाचे नाव औषधांच्या तक्त्यात एकदाच टंकायचे, बाकी सगळीकडे त्याचा क्रमांक. एक्सेलच्या लांबलचक यादीत हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो.

एसक्यूलाइटमध्ये उणिवा नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो मूळ स्वरूपात रकान्याच्या प्रकाराबाबत सैल आहे, आकड्याच्या जागी अक्षरेही घेतो. 2021 पासून तक्ता बनवताना ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द जोडला की हे थांबते. तारखेसाठी वेगळा प्रकार नाही, म्हणून तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे क्रमवारीही आपोआप लागते. एका तक्त्यातला क्रमांक दुसऱ्यात असलाच पाहिजे ही तपासणी मूळ इंजिनात बंद असते. ती चालू आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. फाइल उघडी असताना तिची प्रत काढू नये, आणि ड्राइव्हसारख्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये चालू फाइल ठेवून दोन संगणकांवरून लिहू नये. त्याने फाइल बिघडू शकते. यातल्या एकाही उणिवेवर पैसा हा उपाय नाही. थोडी माहिती आणि थोडी शिस्त लागते, आणि ती पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरलाही लागतेच.

जतनाचे काम मात्र टाळू नये. रोज काम संपल्यावर फाइल बंद करून तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. आठवड्यातून एक प्रत घराबाहेर, नाशिकच्या नातलगाकडे किंवा कुलूपबंद करून ऑनलाइन साठवणीत पाठवावी. हंगाम संपला की सगळे तक्ते सीएसव्ही या साध्या मजकुराच्या रूपात काढून ठेवावेत आणि फवारणीचा व हजेरीचा तक्ता कागदावर छापावा. सीएसव्ही कोणत्याही संगणकावर, कोणत्याही काळात उघडते.

एप्रिलची छाटणी ही नवी नोंद सुरू करायची योग्य वेळ. ज्या घरात एकाहून अधिक तक्ते लागतात तिथे भाड्याचे ॲप किंवा चोरीचे ऑफिस घेण्याआधी फवारणीचे वरचे तीन तक्ते एसक्यूलाइटमध्ये बनवून एक हंगाम चालवून पाहावेत, आणि पहिली नोंद औषधांच्या तक्त्यापासून करावी, कारण पीएचआयचे दिवस तिथे आहेत.